निळ्या बाळांच्या डॉक्टरीणबाई

बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर येणारी पहिली बातमी म्हणजे मुलगा की मुलगी, आणि दुसरी म्हणजे बाळ कोणाच्या रंगावर गेले. गोरे, गव्हाळ की सावळे, ह्याची चर्चा बारशापर्यंत पुरते. परंतु एक रंग असा आहे की तो दिसला म्हणजे चर्चा थांबते आणि आईच्या पोटात गोळा येतो. बाळाचे ओठ जांभळट, नखे निळसर, आणि रडू लागले की सारे अंग काळेनिळे. इंग्रजीत अशा मुलांना 'ब्ल्यू बेबी' असे नाव पडले. आपण निळी बाळे म्हणू.

ऐंशी वर्षांपूर्वीपर्यंत ह्या बाळांवर जगात कोठेही इलाज नव्हता. डॉक्टर ऊन पाण्याने हात धुवावेत तितक्या सहजपणे सांगत, की घरी न्या, जपा, देव ठेवील तितके दिवस आपले. बहुतेक मुले शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच जात. १९४४ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एक शस्त्रक्रिया झाली आणि हे चित्र पालटले. हृदयाच्या शस्त्रक्रियेचे युग खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाले असे अनेक जाणकार मानतात. ती शस्त्रक्रिया ज्या शल्यवैद्याने केली त्याचे नाव डॉ. अल्फ्रेड ब्लॅलॉक. परंतु ती करावी हे ज्या बाईंना सुचले त्यांनी जन्मात कधी हाती शस्त्र धरले नाही. आणि ती कशी करावी हे ज्या गृहस्थाने शोधून काढले त्याच्यापाशी डॉक्टरीची पदवी नव्हती. ह्या तिघांची, आणि विशेषेकरून त्या बाईंची, म्हणजे डॉ. हेलन टॉसिग ह्यांची हकीगत आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत यावी असे वाटले, म्हणून हा लेख.

आधी हा रोग काय आहे ते समजून घेऊ. आपले हृदय म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या दोन पंपांची जोडी. अंगभर फिरून आलेले, प्राणवायू संपलेले काळपट रक्त उजव्या पंपात येते. तो ते फुप्फुसांकडे ढकलतो. तेथे त्यात प्राणवायू मिसळतो, रक्त लालभडक होते व डाव्या पंपात परत येते, आणि डावा पंप ते साऱ्या अंगाला पुरवतो. दोन्ही पंपांच्या मध्ये एक पडदा असतो, म्हणून काळपट व लाल रक्त एकमेकांत मिसळत नाही. निळ्या बाळांपैकी पुष्कळांच्या हृदयात मात्र जन्मतःच चार दोष एकत्र असतात. मधल्या पडद्याला भोक. फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद. अंगाला रक्त नेणारी मोठी रोहिणी नेमकी त्या भोकावर सरकलेली. आणि जोर करून करून उजव्या पंपाची भिंत जाड झालेली. मार्सेय येथील फालो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८८८ साली ह्या चार दोषांचे नीट वर्णन केले, म्हणून त्या विकाराला त्यांचे नाव मिळाले.

शेतीच्या भाषेत सांगायचे तर विहिरीला पाणी आहे, परंतु बागेकडे जाणारा पाट गाळाने बुजला आहे आणि बांधालाही भगदाड पडले आहे. पाणी बागेत न जाता भलतीकडेच वाहून जाते. त्याचप्रमाणे ह्या बाळांचे बरेचसे रक्त फुप्फुसांत न जाताच, काळेच्या काळे अंगात फिरते. करोनाच्या साथीत आपण सर्वांनी बोटाला लावायचे ते ऑक्सिमीटर पाहिले. त्यावर पंचाण्णवच्या खाली आकडा गेला की आपला जीव घाबरा होई. निळी बाळे त्याच्या कितीतरी खालच्या आकड्यांवर दिवस काढीत असतात.

ही मुले थोडी मोठी झाली की त्यांची एक सवय दिसून येते. चार पावले चालले की मूल मध्येच उकिडवे बसते. घरच्यांना तो हट्ट वाटतो, आळस वाटतो. खरे म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन बसल्याने पायांकडची रक्ताची वाट आवळली जाते, आणि काही रक्त नाइलाजाने फुप्फुसांकडे वळते. कोणी न शिकवता त्या अजाण जिवाला हा उपाय सापडलेला असतो. टॉसिगबाईंच्या दवाखान्यात अशी उकिडवी बसलेली मुले रोज येत असत.

ह्या बाई डॉक्टर झाल्या त्यामागेही बायकांचीच एक करामत आहे, आणि मंडळाच्या भगिनींना ती ऐकून बरे वाटेल. बाल्टिमोरमध्ये रुग्णालय १८८९ साली उघडले, पण त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय काढण्यास विद्यापीठाजवळ पैसा उरला नव्हता. गावात काही सुशिक्षित तरुण मैत्रिणी होत्या. शुक्रवारी संध्याकाळी त्या एकत्र जमत, वाचन करीत, चर्चा करीत. त्यांच्यात मेरी गॅरेट नावाची, रेल्वे कंपनीच्या अध्यक्षांची मुलगी होती. ह्या मैत्रिणींनी ठरविले की पैसा आपण उभा करू, पण एका अटीवर: महाविद्यालयात मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश मिळाला पाहिजे. गावोगावच्या स्त्रियांनी समित्या काढल्या आणि १८९० साली एक लाख डॉलर जमा करून दिले. तेव्हा विश्वस्तांनी सांगितले की पाच लाख झाल्याशिवाय काम सुरू होणार नाही. अट टाळण्याचा तो एक मार्गही असावा. परंतु १८९२ च्या अखेरीस गॅरेटबाईंनी स्वतःच्या पदरचे तीन लाखांहून अधिक डॉलर घालून रक्कम पुरी केली, आणि अट मात्र सोडली नाही. १८९३ साली पहिला वर्ग भरला त्यात अठरा विद्यार्थी होते, पैकी तीन मुली. पैसा दिला की पाटीवर नाव मागण्याची रीत सर्वत्रच आहे. ह्या बाईंनी नावाऐवजी दार उघडे मागितले.

हेलन टॉसिग ह्यांचा जन्म २४ मे १८९८ चा, बॉस्टनशेजारच्या केंब्रिज गावचा. वडील हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे नामांकित प्राध्यापक. आई सुशिक्षित, मुलगी अकरा वर्षांची असताना ती क्षयाने गेली. हेलनलाही त्या रोगाची बाधा झाली व शाळा वरचेवर बुडाली. त्यात आणखी एक अडचण. तिला अक्षरे लागत नसत. पुस्तक समोर धरले की शब्द उलटसुलट दिसत. ह्या दोषाला आज डिस्लेक्सिया म्हणतात आणि शाळांतून त्याची दखल घेतली जाते. त्या काळी अशा मुलाला सरळ मठ्ठ म्हणत. हेलनच्या वडिलांनी तसे म्हटले नाही. ते मुलीला जवळ घेऊन बसत आणि धीराने वाचावयास शिकवीत. पुढे ज्या बाईंनी आपल्या विषयावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला, त्यांची अक्षरओळख अशी कष्टाने झाली होती.

पदवी घेतल्यावर हेलनला वैद्यक शिकावयाचे होते. हार्वर्डचे वैद्यकीय महाविद्यालय घराजवळ, वडील त्याच विद्यापीठात. परंतु मुलींना तेथे प्रवेश नव्हता. तो १९४५ पर्यंत मिळाला नाही. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम नवा निघाला होता, तेथे चौकशी केली तर प्रमुखांनी सांगितले की बायकांनी खुशाल शिकावे, पदवी मात्र मिळणार नाही. चार वर्षे शिकून पदवी न घेण्याचा वेडेपणा कोण करील, असे तिने विचारले. तर कोणी करू नये हीच आपली अपेक्षा आहे, असे उत्तर मिळाल्याचे त्या पुढे सांगत. एका विषयाच्या व्याख्यानांना बसू दिले, ते सभागृहाच्या कोपऱ्यात. आणि सूक्ष्मदर्शकाचे काम वेगळ्या खोलीत, मुलांपासून दूर. सोवळ्याओवळ्याचा हा प्रकार आपल्याला काही नवा नाही. तो फक्त आपल्याकडेच होता असा जो समज आहे तो खरा नव्हे, एवढेच.

मग ती बॉस्टन विद्यापीठात शरीररचना शिकावयास गेली. तेथील प्राध्यापक अलेक्झांडर बेग ह्यांनी एके दिवशी तिच्या हाती बैलाचे हृदय ठेवले आणि ह्याचा अभ्यास कर म्हणून सांगितले. हृदयाशी तिची गाठ पडली ती अशी. तिची हुशारी पाहून ह्याच प्राध्यापकांनी सल्ला दिला, की जेथे मुलींना दार उघडे आहे अशा बाल्टिमोरला जा. गॅरेटबाईंनी तीस वर्षांपूर्वी घातलेली अट आता कामी आली. १९२७ साली हेलन टॉसिग तेथून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

रुग्णालयाच्या बालविभागाचे प्रमुख डॉ. एडवर्ड्‌स पार्क हे गुणग्राही गृहस्थ होते. १९३० साली त्यांनी मुलांच्या हृदयरोगाचा दवाखाना टॉसिगबाईंच्या स्वाधीन केला, आणि जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांचा अभ्यास करा असे सुचविले. बाईंना प्रथम ते फारसे रुचले नाही. ज्यांना बरे करता येत नाही अशा मुलांचा अभ्यास करून साधणार काय? ह्या विषयाकडे कोणी मोठा डॉक्टर वळत नसे तो ह्याच कारणाने. कदाचित म्हणूनच तो एका बाईच्या वाट्याला आला असेल.

आणि तोच सुमार होता की टॉसिगबाईंचे कान अधू होऊ लागले. हृदयरोगाच्या डॉक्टराला कान नसणे म्हणजे गवयाला गळा नसण्यासारखे आहे, कारण छातीला नळी लावून ठोके ऐकणे हीच त्या काळची मुख्य परीक्षा. आवाज मोठा करणारी नळी त्यांनी वापरून पाहिली. ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखावयास त्या शिकल्या. परंतु त्यांचा खरा आधार झाला हातांचा. बाळाच्या छातीवर अलगद बोटे टेकून त्या ठोक्यांतील कंप, धडक आणि घरघर बोटांनीच जाणून घेत. क्ष-किरणांच्या पडद्यावर मुलाला निरनिराळ्या बाजूंनी वळवून हृदयाची सावली पाहत. आणि मूल गेलेच, तर त्याचे हृदय स्वतः तपासून आपला अंदाज कोठे बरोबर होता, कोठे चुकला, ते पडताळून पाहत. अशी दहा-बारा वर्षे गेली. कोणी विचारणारे नव्हते, गाजावाजा नव्हता. मुलांमागून मुले येत होती आणि बाई टिपणे ठेवीत होत्या.

त्या टिपणांतून एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आईच्या पोटात असताना बाळाची फुप्फुसे काम करीत नाहीत, म्हणून रक्ताला फुप्फुसे टाळून जाण्यासाठी एक लहानशी जोडनळी असते. बाळ जन्मून श्वास घेऊ लागले की काही दिवसांत ती आपोआप मिटते. बाईंनी पाहिले की कित्येक निळी बाळे जन्मतःच फार निळी नसतात. ही नळी मिटली की ती निळी पडतात व खालावतात. ज्यांची नळी उघडी राहिली ती त्यातल्या त्यात तग धरतात. म्हणजे त्या चोरवाटेने फुप्फुसांना थोडे जास्त रक्त मिळते, आणि तेवढ्यावर जीव टिकतो. मग जी वाट निसर्गाने बंद केली तशीच दुसरी आपण करून दिली तर?

विचार साधा होता, परंतु तो कोणाला सुचला नव्हता. बॉस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट ग्रॉस ह्यांनी १९३८ साली एका मुलीची न मिटलेली जोडनळी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. टॉसिगबाई त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या की तुम्ही नळी बंद करता, तशी नवी नळी तयार करून द्याल का? ग्रॉस ह्यांनी त्यात रस दाखविला नाही. नळ्या बंद करण्यात त्यांना नुकतेच यश आले होते, त्यामुळे उघड्या करण्याची गोष्ट त्यांना विपरीत वाटली असल्यास नवल नाही. बाई परत आल्या व वाट पाहू लागल्या.

१९४१ साली डॉ. ब्लॅलॉक बाल्टिमोरला मुख्य शल्यवैद्य म्हणून आले. ते दक्षिणेकडील जॉर्जिया राज्याचे. आघाताने माणूस गार पडून दगावतो तो रक्त कमी झाल्यामुळे, आणि त्यास रक्त दिले पाहिजे, हे त्यांनी नॅशव्हिल येथे प्रयोगांनी दाखविले होते, आणि त्या ज्ञानाने दुसऱ्या महायुद्धात असंख्य सैनिकांचे प्राण वाचले. नॅशव्हिलहून येताना त्यांनी एक अट घातली होती, की आपला प्रयोगशाळेतील साहाय्यक बरोबर येईल. तो साहाय्यक म्हणजे व्हिव्हियन थॉमस.

थॉमस हे कृष्णवर्णीय. जन्म १९१० चा, वडील सुतार. मुलानेही रंधा-पटाशीचे काम शिकून महाविद्यालयासाठी पैसे साठविले होते. डॉक्टर व्हावयाचे हे मनात पक्के होते. परंतु १९२९ साली अमेरिकेत मंदी आली, काम सुटले, आणि पुढे बँक बुडाली तिच्यात ती सारी शिल्लक गेली. १९३० च्या फेब्रुवारीत पोटासाठी म्हणून ते ब्लॅलॉक ह्यांच्या प्रयोगशाळेत लागले. थोड्याच दिवसांत ते जनावरांवरील नाजूक शस्त्रक्रिया स्वतः करू लागले. परंतु पगारपत्रकात त्यांचा हुद्दा झाडलोट करणाऱ्याचा होता, आणि पगारही तसाच. बाल्टिमोरच्या रुग्णालयात त्या काळी गोऱ्या व काळ्या लोकांची प्रसाधनगृहेसुद्धा निराळी होती. पांढरा कोट घातलेला कृष्णवर्णीय माणूस आवारातून जाऊ लागला की लोक थांबून पाहत. घरखर्च भागेना म्हणून ब्लॅलॉक ह्यांच्या घरच्या मेजवान्यांत थॉमस पेये देण्याचे काम करीत. ज्या पाहुण्यांना सकाळी त्यांनी टाके घालण्यास शिकविलेले असे, त्यांनाच संध्याकाळी पेले नेऊन देण्याचीही वेळ येई.

१९४३ च्या सुमारास टॉसिगबाईंनी आपला प्रश्न ह्या दोघांपुढे मांडला. नळकाम करणारा मिस्तरी जसा एक नळ काढून दुसरीकडे जोडतो तसे काही करून फुप्फुसांना जास्त रक्त नेता येणार नाही का, अशा अर्थाचे त्या बोलल्या. ब्लॅलॉक आणि थॉमस ह्यांना एक जुना प्रयोग आठवला. नॅशव्हिलला असताना वेगळ्याच हेतूने त्यांनी हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडून पाहिली होती. तो प्रयोग ज्या कामासाठी केला त्यात फसला होता. ह्या कामासाठी मात्र तोच हवा होता.

त्यानंतर थॉमस ह्यांचे काम सुरू झाले. आधी कुत्र्यांमध्ये तो निळेपणा निर्माण करावयाचा आणि मग तो ह्या जोडणीने दूर होतो का ते पाहावयाचे. सुमारे दोन वर्षे आणि सुमारे दोनशे कुत्री ह्या कामी लागली. लहान बाळाची रोहिणी ती केवढी! तिला शिवण्याजोग्या सुया बाजारात नव्हत्या. थॉमस ह्यांनी असलेल्या सुया तोडून, घासून, धार लावून आखूड करून घेतल्या. वडिलांच्या हाताखाली शिकलेले सुतारकाम येथे उपयोगी पडले. त्या प्रयोगांतून जी पहिली कुत्री दीर्घकाळ जगली तिचे नाव ॲना. तिचे चित्र पुढे हॉपकिन्समध्ये लावण्यात आले. ज्या मुक्या जिवांच्या जोरावर हे ज्ञान मिळाले त्यांतल्या एकीचा तरी असा मान झाला.

२९ नोव्हेंबर १९४४ हा तो दिवस. आयलीन नावाची पंधरा महिन्यांची मुलगी, वजन जेमतेम चार-साडेचार किलो, म्हणजे आपल्याकडे दोन-तीन महिन्यांच्या गुटगुटीत बाळाचे असते तेवढे. ती इतकी निळी होती की थांबणे शक्य नव्हते. भूल देण्यासच कोणी धजत नव्हते, अखेर डॉ. हार्मेल ह्यांनी ती जबाबदारी घेतली. ब्लॅलॉक ह्यांनी ही जोडणी तोपर्यंत कुत्र्यावर अवघी एकदा केली होती, तीही थॉमस ह्यांना मदत करताना. थॉमस ह्यांनी ती कितीतरी वेळा केलेली. म्हणून ब्लॅलॉक ह्यांनी थॉमस ह्यांना बोलावणे पाठविले. ते एका चौरंगवजा पायरीवर, ब्लॅलॉक ह्यांच्या खांद्यामागे उभे राहिले. टाका ह्या बाजूने घेऊ का, हे अंतर पुरे आहे का, असे ब्लॅलॉक विचारीत, आणि थॉमस हलक्या आवाजात सांगत. पदवीने मोठा असलेला माणूस हुद्द्याने झाडूवाला असलेल्या माणसाला भर शस्त्रक्रियागृहात विचारून विचारून टाके घालीत होता. ह्यात थॉमस ह्यांचे कौशल्य आहेच, पण ब्लॅलॉक ह्यांचाही मोठेपणा आहे. टॉसिगबाई टेबलाच्या डोक्याच्या बाजूला, बाळाकडे पाहत उभ्या होत्या.

डाव्या हाताकडे जाणारी रोहिणी तोडून तिचे टोक फुप्फुसाच्या रोहिणीच्या कुशीला शिवण्यात आले. हाताला पुढे आडवाटांनी रक्त मिळत राहते, त्यामुळे हात निकामी होत नाही. आयलीन त्या दिवशी वाचली व तिचा रंग हळूहळू सुधारला. परंतु काही महिन्यांनी ती पुन्हा खालावली, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ती गेली. ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जात नाही. परंतु ती सांगितली पाहिजे, कारण त्या चिमुकलीच्या दोन महिन्यांच्या सुधारणेवरच पुढच्या मुलांचे दैव अवलंबून होते. १९४५ च्या फेब्रुवारीत आणखी दोन मुलांवर शस्त्रक्रिया झाली. त्यांतला एक सहा वर्षांचा मुलगा, चालण्याचेही त्राण नसलेला. चिमटे सोडले, नव्या वाटेने रक्त वाहू लागले, आणि बघता बघता त्याचे जांभळे ओठ गुलाबी झाले. सभोवतालची माणसे थक्क होऊन पाहत राहिली. टॉसिगबाई तो क्षण जन्मभर विसरल्या नाहीत.

१९४५ च्या मे महिन्यात अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात ह्या तीन मुलांची हकीगत छापून आली. देशोदेशींचे आईबाप मुले घेऊन बाल्टिमोरची वाट धरू लागले. १९४७ साली ब्लॅलॉक व टॉसिग लंडन आणि पॅरिस येथे जाऊन तेथील डॉक्टरांना ही रीत दाखवून आले. काही वर्षांतच हजारांहून अधिक मुलांवर ती झाली. आजवर जे हृदय हात लावण्यापलीकडचे मानले जात होते त्याला हात लावण्याचे धैर्य साऱ्या जगातील शल्यवैद्यांना आले. पुढे १९५३ साली डॉ. गिबन ह्यांचे हृदय-फुप्फुस यंत्र आले. त्याच्या जडणघडणीत त्यांच्या पत्नी मेरी ह्यांनी वर्षानुवर्षे खांद्याला खांदा लावून काम केले होते. १९५४ साली मिनेसोटात डॉ. लिलेहाय ह्यांनी प्रथमच हृदय उघडून फालोंचे हे चारही दोष असलेल्या मुलाची मूळ दुरुस्ती केली.

आता मानसन्मानांचा हिशेब पाहू. त्या लेखावर नावे दोन होती, ब्लॅलॉक आणि टॉसिग. शस्त्रक्रियेलाही त्या दोघांचेच नाव पडले. ब्लॅलॉक ह्यांना देशातील विज्ञान अकादमीचे सदस्यत्व लवकरच मिळाले. टॉसिगबाईंना ते १९७३ साली मिळाले, तेव्हा त्या पंचाहत्तरीला आल्या होत्या. पूर्ण प्राध्यापकपद त्यांना १९५९ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी देण्यात आले. थॉमस ह्यांचे नाव तर त्या लेखात कोठेही नव्हते. ते प्रयोगशाळेत राहिले. पुढे देशातील नामांकित झालेले किती तरी शल्यवैद्य त्यांच्या हाताखाली टाके घालण्यास शिकले. एकदा त्यांनी केलेली जोडणी पाहून ब्लॅलॉक म्हणाले होते की ही तर देवानेच घडविल्यासारखी दिसते. परंतु हे कौतुक चार भिंतींच्या आत राहिले. ब्लॅलॉक १९६४ साली वारले. १९७१ साली जुन्या शिष्यांनी मिळून थॉमस ह्यांचे तैलचित्र करविले आणि ते ब्लॅलॉक ह्यांच्या चित्राजवळ लावले. १९७६ साली त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली व अध्यापक म्हणून नेमले. वैद्यकाचे शिक्षण घेण्याचे स्वप्न पाहिल्याला तेव्हा जवळजवळ अर्धशतक लोटले होते. १९८५ साली ते निवर्तले.

टॉसिगबाईंचे आणखी एक काम प्रत्येक आईने लक्षात ठेवावे असे आहे. १९६२ च्या आरंभी त्यांच्या एका जर्मन शिष्याकडून त्यांना कळले, की तिकडे हातपाय खुरटलेली मुले मोठ्या संख्येने जन्मत आहेत आणि गरोदरपणी घेतलेल्या थॅलिडोमाइड नावाच्या औषधाचा संशय आहे. हे औषध झोपेसाठी व डोहाळ्यांतील मळमळीसाठी सर्रास दिले जात होते. बाई त्रेसष्ट वर्षांच्या. तडक जर्मनीला गेल्या, ती बाळे स्वतः पाहिली, डॉक्टरांना व आयांना भेटल्या, आणि परत येऊन देशभर व्याख्याने, लेख व संसदेपुढे साक्ष देऊन त्यांनी धोक्याची घंटा वाजविली. डॉ. फ्रान्सिस केल्सी ह्या दुसऱ्या एका बाईंनी सरकारी कचेरीत बसून ह्या औषधाची परवानगी १९६० पासून अडवून धरलीच होती. दोघींच्या चिकाटीमुळे अमेरिकेत ते औषध विक्रीला आले नाही, आणि १९६२ च्या ऑक्टोबरात औषधांचा कायदा कडक झाला. इतर देशांत मिळून सुमारे दहा हजार बालके ह्या औषधापायी अधू जन्मली. पोटुशीपणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय साधी गोळीही घेऊ नये, हा जो नियम आज आपण लेकीसुनांना सांगतो त्यामागे हा इतिहास आहे.

बाईंनी लग्न केले नाही. दवाखान्यातील मुलांचे त्यांना अखेरपर्यंत अगत्य असे. निवृत्तीनंतरही त्यांनी जुन्या रुग्णांचा माग ठेवला. कोण शिकले, कोण नोकरीला लागले, कोणाची लग्ने झाली, कोणत्या मुली स्वतः आया झाल्या, ह्याची नोंद ठेवून त्यांनी त्यावर शास्त्रीय निबंध लिहिले. १९६४ साली राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांना देशाचे मोठे पदक मिळाले, आणि १९६५ साली त्या अमेरिकन हृदय संघाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. २० मे १९८६ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना, मैत्रिणींना मतदानासाठी आपल्या मोटारीतून नेत असता अपघात होऊन त्या वारल्या.

आज हा विकार असलेल्या बाळाची पूर्ण दुरुस्ती बहुधा वर्षाच्या आतबाहेर करता येते. बाळ फार अशक्त असेल तर आधी जोडणीच करतात. फक्त आता हाताची रोहिणी न तोडता कृत्रिम नळी घालतात. आपल्या देशातही ह्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होतात. दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. सगळेच गंभीर नसतात, पण ओळखावे लागतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते व पुढील उपचारांची सोय केली जाते. म्हणून शेजारीपाजारी एखादे बाळ दूध पिता पिता दमत असेल, घामाघूम होत असेल, रडताना ओठ निळे पडत असतील, किंवा खेळता खेळता वरचेवर उकिडवे बसत असेल, तर दृष्ट काढण्यात दिवस घालवू नयेत. त्या आईला धीर द्यावा आणि डॉक्टरांकडे न्यावे. लागले तर सोबत जावे. हे काम मंडळाच्या कोणाही सभासद भगिनीला जमण्यासारखे आहे.

अलीकडे ह्या जोडणीला अनेक डॉक्टर ब्लॅलॉक–थॉमस–टॉसिग असे तिघांचे नाव देऊ लागले आहेत. उशिरा का होईना, राहिलेले नाव मध्ये आले. त्या नावात आणखी काही नावे यावयास जागा नाही. भूल देण्याचे धाडस करणारे डॉक्टर, हत्यारे हाती देणारी परिचारिका, मुलीला धीराने वाचावयास शिकविणारे वडील, जिवावर उदार होऊन पोटचे बाळ टेबलावर ठेवू देणारी आयलीनची आई, आणि दारोदार फिरून लाख डॉलर जमविणाऱ्या त्या बायका. मेरी गॅरेट १९१५ सालीच वारल्या. आपण घातलेल्या एका अटीतून पुढे काय उगवले हे त्यांनी पाहिले नाही. आपल्या मंडळाने एखाद्या मुलीची फी भरली, तर तिचेही पुढे काय होईल हे आपल्यापैकी कित्येकींना पाहावयास मिळणार नाही. तरी ती भरावी.